गाभाऱ्यात मशाल नको

प्राचीन मंदिरे आणि हरवलेली नगरे शोधणाऱ्या वीरांच्या साहसपटांत एक दृश्य हमखास असते. शतकानुशतके बंद राहिलेल्या दालनाच्या तोंडावरचा दगड सरकतो, नायक पेटती मशाल पुढे करतो आणि तिच्या उजेडात सोन्याची मूर्ती झळकते. घरंगळणारे धोंडे आणि विषारी बाण यांची थट्टा पुष्कळ झाली आहे. माझी तक्रार मशालीविषयी आहे, कारण अशा दालनात सोन्याहून मोलाची गोष्ट असते ती म्हणजे तिथला अंधार.

असे चित्रपट पाहून आल्यावर आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील गप्पांत कोणीतरी विचारतेच, की मंदिर किती जुने आहे हे कार्बन डेटिंग करून का सांगत नाहीत? अमुक मंदिराचे दगड या चाचणीत बारा हजार वर्षांचे निघाले, असे संदेशही मोबाइलवर फिरत असतात. वास्तविक ही पद्धत जे कधीकाळी जिवंत होते त्यालाच लागू पडते. प्राणी किंवा वनस्पती मेल्यानंतर त्यातील कार्बन-14 सुमारे 5730 वर्षांत निम्मा होतो, म्हणून लाकडी तुळई, हाड किंवा जळालेला धान्याचा दाणा यांचे वय काढता येते. दगड कधी जिवंत नव्हता. आणि दगडाचे भूगर्भीय वय काढून तरी काय साधणार? दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा आहे, पण त्यात कोरलेले लेणे तितके जुने नसते.

मग मंदिराच्या पायाखाली टाकलेल्या वाळूकडे वळावे लागते. वाळूत क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे, कण असतात. भोवतालच्या मातीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे अत्यल्प किरणोत्सारी अंश असतात, शिवाय अवकाशातून विश्वकिरण येत असतात. या प्रारणामुळे स्फटिकातील काही इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतात. त्यांतील बहुतेक लगेच परततात, परंतु स्फटिकाच्या रचनेत जिथे एखादा अणू कमी आहे किंवा सिलिकॉनच्या जागी दुसराच अणू बसला आहे, अशा दोषस्थळी काही अडकून पडतात आणि नेहमीच्या तापमानाला लाखो वर्षे तिथून सुटत नाहीत. कण गाडलेला असेपर्यंत अडकलेल्यांची संख्या वाढत जाते. रोज ठरावीक पैसे पडणाऱ्या गल्ल्यासारखा हा हिशेब आहे: साठलेली रक्कम मोजली आणि रोजच्या रकमेने भागली की दिवस निघतात.

ऊन लागले की हा गल्ला काही सेकंदांत ते मिनिटांत रिकामा होतो. म्हणून या पद्धतीने कळते ते कणाने शेवटचे ऊन कधी पाहिले एवढेच. 1985 साली कॅनडातील हंटली, गॉडफ्री-स्मिथ आणि थिवॉल्ट या संशोधकांनी ही पद्धत, म्हणजे कणांतून निघणाऱ्या दीप्तीवरून (ल्युमिनेसन्स) वय काढण्याची पद्धत, मांडली आणि आज अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही या तंत्रावर काम होते. नमुना घेताना पोलादी नळी थरात ठोकून दोन्ही तोंडे बंद करतात, प्रयोगशाळेत मंद तांबड्या उजेडात ती उघडतात आणि उजेड लागलेली टोकांकडची वाळू बाजूला काढतात. मधल्या कणांवर निळा प्रकाश टाकला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, स्फटिकातील दुसऱ्या केंद्रांवर जाऊन बसतात आणि त्या वेळी क्षीण अतिनील प्रकाश बाहेर पडतो. तो जितका जास्त, तितकी साठलेली मात्रा जास्त. पुढे त्याच कणांना ज्ञात मात्रेचे प्रारण देऊन तुलना करतात. समजा, साठलेली मात्रा 4.5 ग्रे (ग्रे हे प्रारणाची मात्रा मोजण्याचे एकक) भरली आणि त्या मातीत दर हजार वर्षांना 3 ग्रे मिळत असतील, तर कण 1500 वर्षांपूर्वी गाडला गेला.

गमतीचा भाग असा, की ज्योतीच्या पिवळ्या-तांबड्या उजेडात निळा अंश फार थोडा असल्यामुळे जुन्या पद्धतीची मशाल क्वार्ट्झला तुलनेने कमी बाधते. नायकाच्या हाती आजची पांढरी एलईडी विजेरी दिली, तर उघड्या पडलेल्या कणांचे नुकसान अधिक होईल.



भाजलेल्या विटांत आणि मृण्मूर्तींत गल्ला रिकामा करण्याचे उन्हाचे काम भट्टीच्या उष्णतेने होते, म्हणून तिथे कळते ते भाजल्याचे वर्ष. येथे मला देवनी मोरीचे उदाहरण द्यावेसे वाटते. 1960 ते 1963 या काळात वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने गुजरातेतील शामळाजीजवळच्या या जागी विटांचा बौद्ध स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. त्यातील अस्थिपात्रावर ‘कथिक’ राजांचे 127 वे वर्ष कोरलेले असून रुद्रसेन राजाचा उल्लेख आहे. हा संवत शकाशी जुळवला तर इसवी सन 205 येते, आणि 248 च्या सुमारास सुरू झालेल्या कलचुरी संवताशी जुळवला तर 375. अंतर 170 वर्षांचे. दीप्तीवरून काढलेल्या वयात साधारण पाच ते दहा टक्के अनिश्चितता राहते, म्हणजे सतराशे वर्षांच्या वस्तूत 85 ते 170 वर्षे. संवत कोणता हा वाद या पद्धतीच्या अगदी मर्यादेवर येऊन ठेपतो.

त्यात दुसरी अडचण भाजकाची, म्हणजे ज्या वार्षिक मात्रेने भागायचे तिची. विटेला मिळणाऱ्या मात्रेत तिच्या भोवतीच्या सुमारे तीस सेंटिमीटर मातीतून येणाऱ्या गॅमा किरणांचा वाटा असतो आणि मातीत मुरलेले पाणी त्यातील काही भाग शोषून घेते. म्हणून वस्तू उचलून नेली आणि तिच्या भोवतालची माती तपासलीच नाही, तर अर्धा हिशेब मागे राहतो. मूर्ती काखोटीला मारून पळणारा नायक नेमके हेच करतो. देवनी मोरीच्या मृण्मूर्ती आज संग्रहालयांत सुरक्षित आहेत आणि त्यांतील कण मोजता येतील, पण ज्या मातीने सतराशे वर्षे त्यांना प्रारण दिले ती मेश्वो नदीवरील धरणाच्या जलाशयाखाली गेली आहे.