पार्श्वभूमी: अ‍ॅक्शन गेमचा रिव्ह्यू नेमका कुठल्या कन्सोलचा?

दर मोठ्या अ‍ॅक्शन गेमला तोच तमाशा होतो. रिलीजच्या आधी रिव्ह्यू येतात, नऊ-साडेनऊ मार्क पडतात, लोक प्री-ऑर्डर करून मोकळे होतात, आणि गेम हातात आल्यावर जुन्या कन्सोलवाल्यांच्या (कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) घरी तो अडखळत, धापा टाकत चालतो. मग रिव्ह्यूवाल्यांनी पैसे खाल्ले म्हणून बोंब सुरू होते. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं, रिव्ह्यू लिहिणारा कुठल्या मशीनवर खेळला एवढंच कोणी विचारलेलं नसतं. आणि हे दुखणं घरगुती कन्सोलइतकंच जुनं आहे.

सुरुवातीचा काळ पटकन उरकतो. १९७८ च्या सुमारास अमेरिकेत व्हिडीओ उपकरणांच्या एका मासिकात गेमचं सदर चालू झालं, १९८१ मध्ये त्याच मंडळींनी फक्त गेमचं मासिक काढलं. तेव्हा आर्केडमधला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा, गेम घरच्या डब्यात कितपत उतरला यावरच बरंचसं परीक्षण चालायचं. १९८२ चा अटारीवरचा पॅक-मॅन त्याच कारणाने बदनाम झाला. जपानमध्ये १९८६ ला एका नियतकालिकाने चार जणांकडून प्रत्येकी दहापैकी मार्क घ्यायची पद्धत आणली, एकूण ४०. पैकीच्या पैकी मार्क मिळायला १९९८ उजाडलं, आणि ते झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइमला मिळाले. ब्रिटनमध्ये टक्के द्यायची फॅशन होती, ग्राफिक्सचे वेगळे, आवाजाचे वेगळे, आणि गेम किती दिवस टिकेल याचेही वेगळे.

खरी गंमत १९९३ ला झाली. मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम एकाच दिवशी वेगवेगळ्या कन्सोलवर आला. सुपर निन्टेन्डोवर चित्रं सरस, पण रक्ताच्या जागी राखाडी घाम उडायचा. सेगाच्या मशीनवर रंग फिके, पण कंट्रोलरवर एक ठरावीक बटणांची ओळ दाबली की लाल रक्त. एकाच गेमचे दोन अवतार, त्यामुळे कुठला घ्यायचा हे वाचकाला सांगणं रिव्ह्यूवाल्याला भागच होतं. माझ्या मते कन्सोलच्या रिव्ह्यूला त्या वर्षी पहिल्यांदा त्याचं खरं काम कळलं, आणि पुढे तो ते अनेकदा विसरला.

युरोपात आणखी एक भानगड होती, पाल (PAL) नावाच्या टीव्ही पद्धतीची. जपान-अमेरिकेत चित्र सेकंदाला ६० वेळा ताजं व्हायचं, पालवर ५० वेळा, आणि बऱ्याच कंपन्या गेम नीट जुळवून न घेता तसाच ढकलायच्या. म्हणजे गेम साधारण सहाव्या हिश्शाने हळू, वर-खाली काळ्या पट्ट्या. ब्रिटनमधली मासिकं अनेकदा जपानी कार्ट्रिज मागवून त्यावरच लिहायची आणि वाचक दुकानातून आणायचा तो हळू चालणारा. आपल्याकडेही टीव्ही पालच. प्लेस्टेशन २ म्हणजे पीएस-२ च्या जमान्यात मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मॉडचिप टाकून आणलेल्या कन्सोलवर कॉपी डिस्क चालायच्या, डिस्क अमेरिकेची आहे की युरोपची हे लावल्यावरच कळायचं, आणि सायबर कॅफेत वाचलेला रिव्ह्यू तिसऱ्याच कशाचा तरी असायचा.

तो पीएस-२ चा काळ अ‍ॅक्शन गेमसाठी सोन्याचा होता, पण अ‍ॅक्शन गेमचा रिव्ह्यू करणं किती अवघड आहे तेही तेव्हाच उघडं पडलं. २००५ चा डेव्हिल मे क्राय ३ घ्या. जपानमध्ये जी पातळी 'हार्ड' होती तीच अमेरिकेत 'नॉर्मल' म्हणून विकली गेली, त्यामुळे दोन देशांतले परीक्षक नाव तेच पण वेगळाच गेम खेळत होते, आणि अमेरिकन रिव्ह्यूंमध्ये गेम फार कठीण असल्याची कुरकुर दिसते ती उगाच नाही. पुढच्या वर्षी आलेल्या स्पेशल एडिशनमध्ये ते सुधारलं.

२००६ चाच गॉड हँड तर कायमचं उदाहरण होऊन बसला. एका मोठ्या अमेरिकन साइटने त्याला दहापैकी ३ दिले. आज तोच गेम हाणामारीच्या गेमचा कळस म्हणून मानणारे ढिगाने सापडतात. दोष फक्त परीक्षकाचा नव्हता. उजवी अ‍ॅनालॉग स्टिक, जिने तोपर्यंत सगळीकडे कॅमेरा फिरवायची सवय झालेली, ती इथे वार चुकवायला दिलेली. वर करा तर डोकं खाली जातं, बाजूला करा तर शरीर सरकतं. शिवाय तुम्ही चांगलं खेळायला लागलात की स्क्रीनच्या कोपऱ्यातला मीटर चढतो आणि शत्रू आणखी चवताळतात. हे हाताला बसायला वेळ लागतो, आणि डेडलाइनवाल्याकडे नेमका वेळच नसतो. तरी ३ म्हणजे जरा अतीच झालं, हे मी म्हणणारच.

मार्कांचं राजकारणही ह्याच दशकातलं. २००१ ला सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी काढून एकच आकडा दाखवणारी साइट आली. तिने अक्षरी ग्रेडसुद्धा आकड्यात बदलले, बी-मायनस म्हणजे ६७, म्हणजे परीक्षकाच्या मनात 'ठीकठाक' असलेला गेम सरासरीत नापासच वाटायचा. पब्लिशरनी गेम बनवणाऱ्यांचे बोनस त्या आकड्यावर बांधले. २०१० च्या फॉलआउट: न्यू व्हेगसला ८५ हवे होते आणि मिळाले ८४, बोनस गेला. २००७ ला केन अँड लिंचला ६ मार्क देणारा परीक्षक त्याच गेमच्या जाहिरातींनी भरलेल्या साइटवरून काढला गेला, आणि त्यावर उघड बोलायला त्याला २०१२ पर्यंत थांबावं लागलं. ह्या प्रकरणापासून लोकांना प्रत्येक रिव्ह्यूत लाच दिसायला लागली, आणि मशीनचा मुद्दा आणखी मागे पडला.

खरं तर तो नीट हाताळल्याचा दाखला समोर होता. २००९ चा बायोनेटा. जपानच्या त्याच चार-परीक्षकवाल्या नियतकालिकाने एक्सबॉक्स ३६० च्या आवृत्तीला ४० पैकी ४० दिले आणि पीएस-३ च्या आवृत्तीला ३८. ह्या गेममध्ये शेवटच्या क्षणी वार चुकवला की वेळ मंदावते, सगळा खेळ त्या क्षणावर उभा. पीएस-३ वर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा, घसरायचा आणि नुसतं पॉज केलं तरी लोडिंग यायचं, हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करायची सोय नंतर पॅचने (दुरुस्तीच्या अपडेटने) आली. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची, ३० असतील तर ३३ ची, आणि हा फरक बोटांना कळतो. दोन मार्कांचा फरक कमीच होता असं पीएस-३ वाले अजून म्हणतात, पण निदान फरक छापला तरी.

आता डिसेंबर २०२०. सायबरपंक २०७७, म्हणायला रोल-प्लेइंग पण हातात बहुतेक वेळ बंदूकच. ८ वर्षं वाट बघितलेला गेम, १० तारखेला रिलीज, आणि ७ तारखेला रिव्ह्यूवरचा एम्बार्गो (ठरल्या वेळेआधी छापायची बंदी) उठला. परीक्षकांना गेम उतरवून घ्यायचे कोड दिले ते फक्त पीसीचे, आणि पहिल्या रिव्ह्यूंमध्ये स्वतः खेळतानाचं फुटेज वापरायला बंदी, कंपनीने दिलेलंच दाखवायचं. कन्सोलचे कोड मिळाले ते रिलीजच्या तोंडावर. ७ तारखेचे रिव्ह्यू नऊ-दहाच्या घरातले. बग आहेत असं अनेकांनी लिहिलं होतं, पीसीवर खेळलोय असंही बहुतेकांनी लिहिलं होतं, पण पसरला तो आकडा.

मग गेम २०१३ च्या साध्या पीएस-४ वर लागला. गर्दीच्या चौकात फ्रेम रेट २० च्या खाली, इमारतींवरचं टेक्स्चर (पृष्ठभागाचं बारीक चित्र) समोर उभं राहिल्यावर उशिरा उगवतंय, माणसं धड चेहऱ्याशिवाय, आणि मधेच गेम बंद पडून थेट होम स्क्रीनवर. आठवडाभरात प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून गेम काढला गेला, पैसे परत द्यायची वेळ आली, आणि तो परत आला जून २०२१ मध्ये, तेही साध्या पीएस-४ वर अडचणी येऊ शकतात अशा इशाऱ्यासकट. सरासरीवाल्या साइटवर पीसीचा आकडा ८६, पीएस-४ चा ५७.

परीक्षकांनी काय करायला हवं होतं यावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, मिळालं त्याचं लिहिलं, प्रामाणिकपणे पीसी असं नमूद केलं, कन्सोल कंपनीने लपवला ही कंपनीची लबाडी. आणि थांबलं असतं तर वाचक दुसऱ्या साइटवर गेले असते, हेही खरंच. दुसरा तट म्हणतो, कन्सोलचा कोड मिळत नाही आणि स्वतःचं फुटेजही दाखवू देत नाहीत, हीच तर बातमी होती, ती मथळ्यात हवी होती, चौथ्या परिच्छेदात नाही. मी दुसऱ्या बाजूचा, लपवून काय करू. आकडा द्यायचाच तर त्याला चिकटून मशीनचं नाव द्यायचं, बायोनेटाच्या वेळी जमलं होतं ना.

अशी लपवाछपवी पहिलीही नव्हती. २०१४ च्या असॅसिन्स क्रीड युनिटीचा एम्बार्गो गेम विकायला लागल्यावर १२ तासांनी उठला, तोवर लोकांनी पैसे भरलेले. २०१५ च्या बॅटमॅन: अर्कम नाइटला उलटं झालं, आधीचे कौतुकाचे रिव्ह्यू पीएस-४ वरचे आणि पीसी आवृत्ती इतकी वाईट निघाली की एक-दोन दिवसांत विक्रीच थांबवली.

२०२० सालीच पुण्यात बनलेला राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक आला, ऑगस्टमध्ये आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर. भिंतींवरची चित्रं आणि वातावरण यांचं बाहेरच्या परीक्षकांनी भरभरून कौतुक केलं, मारामारीला विविधता कमी आणि शेवट अचानक, अशी तक्रारही केली. काहींना ते झोंबलं असेल, पण परीक्षक आणि गिऱ्हाईक एकाच यंत्रावर खेळत होते, त्यामुळे त्या टीकेला मशीनचं निमित्त करून टाळायला जागा नव्हती. आणि मारामारीबद्दलची तक्रार मला तरी पटते.

मार्क काढून टाकावेत हाही उपाय झाला. एका ब्रिटिश साइटने २०१५ ला आकडे बंद करून 'जरूर खेळा', 'टाळा' असे शिक्के सुरू केले, आणि २०२३ ला पाच ताऱ्यांवर परत आली. सध्या पीएस-५ वर एकाच गेमचे दोन मोड असतात, एक ६० फ्रेमचा आणि एक सुंदर दिसणारा ३० चा, आणि आपण कुठल्या मोडमध्ये खेळलो हे सगळे परीक्षक सांगत नाहीत. स्वस्तातल्या एक्सबॉक्स सिरीज एस वर खेळून लिहिलेला रिव्ह्यू तर शोधूनच काढावा लागतो.