घंगाळातलं पाणी आणि मातीतलं नाणं

शीतपेयाच्या कॅनच्या चार अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा, ट्रॅक्टरचा एक गंजका नट, शिशाची एक गोळी आणि पितळेचं एक बटण. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यातल्या एका नांगरलेल्या शेतात, नोव्हेंबरच्या थंडीत अडीच तास चिखल तुडवल्यावर माझ्या पदरात एवढं पडलं. "चांगला दिवस गेला की रे," माझा मित्र म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

मित्र मूळचा सांगलीचा, गेली अठरा वर्षं तिकडे. आठवडाभर संगणकासमोर बसतो आणि रविवारी रबरी बूट चढवून मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरतो. तिकडे हा छंद चांगला रुळलेला आहे. आपल्याकडे पहाटे उठून पक्षी बघायला जातात, तसे लोक धातू शोधायला जातात. शेतमालकाची परवानगी आधी घ्यायची, काही सापडलं तर वाटा कसा, हेही आधीच बोलून ठेवायचं.

काम म्हणाल तर झाडू मारण्याचं. लांब दांडीच्या टोकाला ताटलीएवढी चकती. ती जमिनीपासून दोन बोटं वर धरून डावी-उजवी फिरवत पुढे सरकायचं, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर अर्धा चढला पाहिजे. कानाला हेडफोन. लोखंड आलं की खर्जातली गुरगुर, तांबं किंवा चांदी आली की वरच्या पट्टीत स्वच्छ टुंग. आवाज आला की काटकोनात वळून त्याच जागी पुन्हा फिरवायची. दोन्हीकडून तोच सूर लागला तर खणायचं. एकीकडून सूर आणि दुसरीकडून खरखर असेल तर बहुधा वाकडा खिळा. गवताळ जमीन असेल तर हिरवळ तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर उलटायची, घडीच्या पोळीचा पदर उचलावा तशी, आणि काम झालं की परत दाबून बसवायची. खड्डा उघडा टाकून जाणाऱ्याला शेतकरी दुसऱ्यांदा उभं करत नाही.

"याला सोनं कळतं का रे?" हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो, मीही विचारला. नाही कळत. सोनं कळत नाही, चांदी कळत नाही, जुनं-नवं तर मुळीच नाही. यंत्राला कळतो तो फक्त उशीर.

चकतीच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातून वीज सोडलेली असते, पण एका दिशेने नाही. ती सेकंदाला काही हजार वेळा पुढे-मागे धावते. छंदासाठीच्या बऱ्याच यंत्रांत हा आकडा पाच हजार ते वीस हजारांच्या घरात असतो. त्यामुळे वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही तितक्याच वेगाने उलटसुलट होतं आणि मातीत शिरतं. वाटेत धातू आला तर त्यात विजेचे भोवरे उठतात. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेला हा नियम. आपल्या स्वयंपाकघरात इंडक्शनच्या शेगडीवर पातेल्याचं बूड तापतं, तेही असल्याच भोवऱ्यांनी. शेगडीला त्यांची उष्णता हवी असते, डिटेक्टरला त्यांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र. ते ऐकायला दुसरं वेटोळं टपून बसलेलं असतं. पण शेजारीच पहिल्या वेटोळ्याचा कल्ला चाललेला, त्यात ही कुजबुज ऐकू कशी येणार? म्हणून दोन्ही वेटोळी एकमेकांवर अशी नेमकी सरकवून बसवतात की पहिल्याचा परिणाम दुसऱ्यात जवळजवळ शून्य व्हावा. हा तोल एकदा साधला की इवलासा धातूही तो बिघडवतो, आणि बिघाड झाला की आवाज होतो.

ही तोलाची युक्ती फार जुनी आहे आणि तिची पहिली मोठी परीक्षा शेतात नव्हे, एका रुग्णाच्या खोलीत झाली. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात नेमकी कुठे अडकली आहे ते डॉक्टरांना सापडेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपल्या टेलिफोनचाच रिसीव्हर लावलेलं असं तोलाचं उपकरण घेऊन आले. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर त्यांनी ते आधी तपासून पाहिलं होतं, तिथे ते चाललं. अध्यक्षांच्या अंगावर मात्र पसरट, गोंधळाचा आवाज येत राहिला. गादीत पोलादी तारा होत्या, हे बेल यांना मागाहून कळलं. शिवाय मुख्य डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली होती, कारण गोळी उजवीकडे आहे असं त्यांचं ठाम मत होतं. ती निघाली डावीकडे. १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले, न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपल्याने झालेल्या संसर्गाने. यंत्राची त्यात काही चूक नव्हती. धातू आहे असं ते म्हणत होतं आणि धातू होताच. तो गादीतला की माणसातला, हे सांगणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

आता त्या उशिराकडे येऊ. पाण्याने भरलेल्या घंगाळात हात घालून गरगर ढवळा आणि हात काढून घ्या. पाणी बराच वेळ फिरत राहतं. तेच बशीत दोन चमचे पाणी घेऊन बोटाने फिरवा. बोट उचललं की खेळ संपला. विजेच्या भोवऱ्यांचंही असंच असतं. चांदीच्या जाड नाण्यात एकदा सुरू झालेला भोवरा सहजासहजी थांबत नाही, क्षेत्र उलटलं तरी तो आपल्याच नादात मागून येतो. चॉकलेटच्या चांदीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात तो उठल्या उठल्या विरतो. उत्तर किती मागे रेंगाळलं, एवढंच यंत्र मोजतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. लोखंड वेगळं पडतं, कारण ते स्वतःच चुंबकाला साथ देतं आणि त्याचं उत्तर वेगळ्याच अंगाने येतं.

यात गंमत अशी की उशीर धातूच्या जातीवर जितका अवलंबून असतो, तितकाच आकारावर आणि जाडीवरही. सोन्याची बारीक अंगठी आणि कॅनची अ‍ॅल्युमिनियमची रिंग या दोघींचा भोवरा जवळपास सारखाच रेंगाळतो. पडद्यावर आकडा तोच, कानात सूर तोच. कचरा नको म्हणून यंत्रात त्या सुराला गप्प करायची सोय असते. ती वापरली की रिंगा बंद होतात आणि त्यांच्याबरोबर अंगठ्याही. ज्याला अंगठी हवी, त्याला रिंगा खणाव्याच लागतात. माझ्या चार रिंगांचा अर्थ मला तेव्हा कळला.

मित्राला मी म्हटलं, एकदा हे मशीन घेऊन सुट्टीला घरी ये, मजा येईल. तो हसला. कायद्याचं पुढे सांगतो, पण आधी मातीचंच बघा. आपला सह्याद्री आणि देश ज्या काळ्या पाषाणाचा, त्या बेसॉल्टमध्ये चुंबकीय लोहखनिजाचे कण ठासून भरलेले असतात. त्याची झीज होऊन झालेली मातीही तशीच. कोकणात जांभा, तो लोहाने तांबडा झालेला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू. अशा जमिनीवर चकती धरली की अख्खी जमीनच बोलू लागते आणि नाण्याचा आवाज त्यात बुडतो. यावर उपाय म्हणजे चकती जमिनीवर खाली-वर हलवत यंत्राला आधी त्या मातीचा सूर ऐकवायचा आणि 'एवढा वजा कर' असं सांगायचं. सफोकच्या शेतात हे एकदा केलं की पुरतं. खनिजांनी भरलेल्या जमिनीत दर चार पावलांना माती बदलते आणि पुन्हा तोच तोल साधत बसावं लागतं. समुद्राच्या ओल्या वाळूची कटकट आणखी निराळी, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. तिथे सतत गुणगुणणारं यंत्र बाजूला ठेवून वेगळ्या जातीचं यंत्र वापरतात: ते क्षणभर जोरदार ठोका देतं, थांबतं, आणि मग शांततेत उरलेली घुमघुम ऐकतं. खाऱ्या पाण्यातली घुमघुम आधी विरते, धातूतली मागे राहते. पुन्हा घंगाळ आणि बशीच.

खोलीबद्दल लोकांच्या कल्पना अचाट असतात, म्हणून थोडा हिशेब. चकतीचं क्षेत्र लांब जाताना अंतराच्या घनाने क्षीण होतं. नाण्याचं उत्तर परत येतानाही तसंच. म्हणजे पुरेशा खोलीवर गेल्यावर नाणं दुप्पट खोल असेल तर आवाज आठ गुणिले आठ, चौसष्टाव्या हिश्शावर येतो. त्यामुळेच एकट्या नाण्यासाठी वीत-दीड वीत खोली म्हणजे उत्तम यंत्राचीही जवळपास हद्द. वीस फूट खालचा हंडा दाखवणारी, हातात धरली की आपोआप वळणारी जी 'गुप्तधन मशीनं' विकली जातात, त्यांचं भौतिकशास्त्र कुठल्याच पुस्तकात नाही. ब्रिटनमधल्या एका माणसाने तर हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून बनवलेल्या नुसत्या अँटेना 'बॉम्बशोधक' म्हणून इराकला विकल्या; २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे गुप्तधनापायी याहून भयंकर गोष्टी घडल्या आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यातच सगळं आलं.

मित्राच्या घरापासून फार दूर नाही असं हॉक्सन नावाचं गाव आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला होता, आणि तो शोधायला त्याचा मित्र, एक निवृत्त माळी, डिटेक्टर घेऊन गेला. हातोड्याऐवजी चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी वर येऊ लागली. या माणसाने पुढे जे केलं त्यासाठी त्याचं नाव अजून आदराने घेतलं जातं: त्याने खणणं थांबवलं. पोलीस आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी गुपचूप येऊन ते सगळं जसं होतं तसं, मातीच्या ढेकळांसकट उचललं. पंधरा हजारांच्या आसपास रोमन नाणी आणि सुमारे दोनशे सोन्या-चांदीच्या वस्तू. सगळं ओकच्या पेटीत होतं, काही वस्तू आतल्या लहान डब्यांत, काही कापडात गुंडाळून. लाकूड केव्हाच कुजलं होतं, पण वस्तू हलल्या नव्हत्या म्हणून पेटी कशी भरली होती ते उलगडता आलं. शेवटची नाणी इसवी सन ४०७ च्या आसपासची, म्हणजे ब्रिटनमधलं रोमन राज्य मोडत असताना कोणीतरी घाईने नव्हे, नीट आवराआवर करून हे पुरलं. त्यात मिरी ठेवायच्या चांदीच्या चार कुप्या आहेत, आणि त्या काळी मिरी जायची ती आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून. शोधणाऱ्याला साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याच्या शेजारी आपलं दायमाबाद ठेवून बघा. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ मध्ये तिथे एका गावकऱ्याला झाडाचं मूळ खणताना कांस्याच्या चार मूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. घडण अशी की बघत राहावं. पण त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरं होती, हे बघणारं तेव्हा तिथे कोणी नव्हतं. नंतर पुरातत्त्व खात्याने तिथे रीतसर उत्खनन केलं. तरी मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपासच्या, की बऱ्याच अलीकडच्या, यावर अभ्यासकांत वाद राहिला. धातूतल्या आर्सेनिकवरून एक जण बोलतो, शैलीवरून दुसरा. त्या गावकऱ्याला कसला दोष द्यायचा? मूळ खणायला गेलेल्याला थर बघायला कोणी शिकवलं होतं? पण डिटेक्टर हातात घेऊन मुद्दाम निघालेल्याला मात्र हे माहीत असायलाच हवं, असं माझं मत आहे.

ब्रिटिशांनी यावर काढलेला मार्ग व्यवहारी आहे. १९९६ च्या कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू सापडली की चौदा दिवसांत कोरोनरला कळवायचं. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारीच गाडलेल्या धनाचाही निवाडा करतो, हे मला फार आवडलं. बटणं, बकलं, एकटीदुकटी नाणी अशा बाकी वस्तूंसाठी १९९७ पासून स्वेच्छेने नोंद करायची योजना आहे. तिच्यात दहा लाखांवर वस्तू नोंदल्या गेल्यात, त्यांतल्या बहुतेक हौशी लोकांनी आणलेल्या. आपल्याकडे अजून १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपयांची ती मर्यादा अजून तशीच आहे. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्याजवळ परवानगीशिवाय खणणं हा तर सरळ गुन्हा. त्यामुळे मशीन घेऊन शिवराई शोधायला गडावर जायचं कोणाच्या मनात असेल, तर तो बेत घरीच ठेवलेला बरा.

संध्याकाळी चारलाच अंधारून आलं. मित्राने पितळी बटण अंगठ्याने पुसलं, नखाएवढ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि मोबाइलवर त्या खड्ड्याचे अक्षांश-रेखांश लिहून घेतले. "याचं काय करणार?" मी विचारलं. "पुढच्या महिन्यात नोंदवणाऱ्या बाई येतील, त्यांना दाखवायचं. त्याच टोकाला मागच्या वर्षी अजून दोन मिळालीत." त्याने शेताच्या कोपऱ्याकडे, नुसत्या चिखलाकडे बोट दाखवलं. मी खड्डा पायाने दाबून बुजवला. फाटकापर्यंत चालताना माझ्या खिशात चार रिंगा वाजत होत्या.