आजोबांना गुरुवारच का लागतो

आमच्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहतात, वय ८४, मुलगा न्यू जर्सीला, आजी जाऊन सहा वर्षं झाली. मी दर गुरुवारी चार वाजता त्यांच्याकडे जातो. काम म्हणाल तर फार काही नाही, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायच्या, लाइटबिल मोबाइलवरून भरायचं, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं बघायचं आणि मग चहा घेत गप्पा, त्यातल्या निम्म्या एस्टीत कंडक्टर होते तेव्हाच्या, ज्या मला आता पाठ झाल्यात. साडेतीनपासूनच दाराची कडी काढलेली असते आणि ओट्यावर दोन कप उपडे. एकदा मी न कळवता शुक्रवारी गेलो, तर बोलले नीट पण कप एकच बाहेर होता आणि चेहरा पार उतरलेला.

तेव्हा वाटलं वयाचा हट्ट असेल. नंतर रिचर्ड शुल्झ या मानसशास्त्रज्ञाचा १९७६ सालचा प्रयोग वाचनात आला आणि डोक्यात लाइट पेटला. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातले ४० जण, त्यांचे चार गट. तीन गटांकडे कॉलेजची मुलं दोन महिने गप्पा मारायला जायची. पहिल्या गटातली मंडळी स्वतः ठरवायची की कधी यायचं, किती वेळ बसायचं. दुसऱ्यांना आधी कळवलं जायचं. तिसऱ्यांकडे मुलं वाट्टेल तेव्हा टपकायची, आणि चौथ्यांकडे कुणीच नाही. भेटी तिन्ही गटांना साधारण सारख्याच मिळाल्या, तरी तब्येतीत आणि उत्साहात सुधारणा दिसली ती पहिल्या दोन गटांत, आणि अवचित भेट मिळणारे जवळपास कुणीच न येणाऱ्यांसारखेच राहिले! म्हणजे अर्धं औषध वाट बघण्यातच आहे म्हणा ना.

यामागे मेंदूचं काय चालतं? एकटेपणावर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो म्हणायचे की एकटेपणा हा भूक-तहानेसारखा शरीराचा इशारा आहे. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात लिव्हिया टोमोवा आणि सहकाऱ्यांनी (निष्कर्ष २०२० मधे छापून आले) ४० जणांना एकेक दिवस १० तास माणसांपासून, फोनपासून तोडून ठेवलं आणि मग माणसं एकत्र बसल्याचे फोटो दाखवले, तर उपाशी माणसाला जेवण बघून मेंदूचा जो भाग पेटतो तोच पेटला. आता भुकेल्या माणसाला जेवण किती वाजता आहे ते माहीत असेल तर तो तग धरतो, नाहीतर कासावीस होतो, तसंच काहीतरी असावं (हे मात्र माझं लॉजिक, टोमोवाबाईंचं नाही). आणि हे नुसतं मन रमवण्यापुरतं नाहीये. २०१० मधे ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १४८ अभ्यास, ३ लाखांवर माणसं एकत्र धरून हिशोब मांडला तेव्हा घट्ट नातीगोती असणाऱ्यांची त्या अभ्यासांच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

यासाठी कौन्सेलरच पाहिजे असंही नाही. टेक्सासमधे कोविडच्या काळात २४० लोकांवर प्रयोग झाला, त्यातल्या अर्ध्यांना साध्या तरुण पोरांनी चार आठवडे फोन केले, पहिले पाच दिवस रोज आणि पुढे किती वेळा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. एकटेपणा, डिप्रेशन, अँग्झायटी तिन्ही उतरलं. इकडे मुंबईत २०२२ पासून गुडफेलोज ही कंपनी पगारी तरुण सोबतीला पाठवते, पैसे घेऊन का होईना.

पण शुल्झच्या प्रयोगाला एक शेपूट आहे. भेटी बंद झाल्यावर पुढची काही वर्षं त्यानं याच लोकांचा मागोवा घेतला, तर जे आधी सुधारले होते तेच घसरले, बाकीचे होते तसेच. आमच्या आजोबांकडे माझ्याआधी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दोन मुलं यायची, तास भरले, फॉर्मवर सही घेतली आणि गायब, निरोपसुद्धा नाही. आजोबा पुढचे दोन महिने रविवारी कडी काढून ठेवत होते, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा मला त्या पोरांचा रागच आला.

पुढच्या महिन्यात मलाच तीन आठवडे बाहेरगावी जायचंय. म्हणून त्यांच्या कालनिर्णयवर तीन गुरुवारांना गोल केले आणि म्हटलं, आजोबा, बरोबर चारला फोन करतो. तर म्हणाले, चारला नको, साडेपाचला कर, फोनवर काय चहा थोडाच प्यायचाय, माझी झोप तरी पुरी होऊ दे.