नव्या ट्रॅक्टरची वॉरंटीतली मोठी दुरुस्ती: वादाची मुळे कुठे आहेत

नव्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स दोन-तीनशे तासांतच खोलायची वेळ आली, की शेतकऱ्याची मागणी एकच असते: हा परत घ्या, दुसरा द्या. शोरूमचे उत्तरही ठरलेले असते: खराब झालेला भाग बदलून देऊ, ट्रॅक्टर बदलून मिळणार नाही. हे उत्तर एकट्या डीलरच्या मनातले नसते. त्याच्यामागे जवळपास शंभर वर्षे जुना कायदा आहे, टंचाईच्या काळात रुजलेली विक्रीची रीत आहे आणि ‘ग्राहक’ कोणाला म्हणायचे यावर अजूनही पुरता न मिटलेला वाद आहे.

कायदा 1930 चा, माल विक्रीचा. त्याच्या कलम 12 मध्ये ‘अट’ आणि ‘हमी’ वेगळ्या केल्या आहेत. अट मोडली तर खरेदीदार सौदा नाकारू शकतो. हमी मोडली तर भरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. ट्रॅक्टरच्या वॉरंटी पुस्तिकेतले ‘सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, आमची जबाबदारी तेवढीच’ हे वाक्य याच विचारातून आले आहे. ग्राहक कायद्याने पुढे वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत देण्याचा आदेश काढायची सोय केली, तरी निकालांवर जुन्या विचाराची छाया राहिलीच. 2006 मध्ये एका मोटारीच्या क्लचचे प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वॉरंटीतले वचन भाग बदलण्याचे असेल, तर अख्खे वाहन बदलून द्यायला लावणे योग्य नाही, असे तिथे ठरले. ट्रॅक्टरच्या खटल्यांत कंपन्यांचे वकील आजही हाच निकाल पुढे करतात.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न उभा राहायला जागाच नव्हती. स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-बारा वर्षे देशात आयात केलेले ट्रॅक्टरच होते. सुटा भाग बोटीने यायचा, तोवर यंत्र उभे. 1959 नंतर फरिदाबाद, मद्रास, मुंबईत कांदिवली आणि 1971 पासून हरियाणातल्या पिंजोर इथे देशी उत्पादन सुरू झाले. पण मागणी जास्त आणि माल कमी होता. वितरण आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण ठेवणारा आदेश 1971 मध्ये निघाला. नंबर लावून ट्रॅक्टर मिळवलेला माणूस तो परत कशाला करेल? मग पुढचा कधी मिळायचा? गावचा मेकॅनिक, लेथवाला आणि वेल्डर यांच्यावरच सगळे चालायचे. कारखाना उघडायला परवान्याची गरज 1992 मध्ये संपली, स्पर्धा वाढली आणि वॉरंटी हे विक्रीचे हत्यार झाले.

कायद्याच्या बाजूने मात्र त्याआधीच हालचाल झाली होती. मक्तेदारीविरोधी कायद्यात 1984 मध्ये अनुचित व्यापारी प्रथांचे प्रकरण आले. पुरेशा चाचणीशिवाय टिकाऊपणाची हमी देणे आणि दुरुस्ती करून देण्याचे दिशाभूल करणारे वचन देणे, हे दोन्ही त्यात आले. दोन वर्षांनी ग्राहक संरक्षण कायदा झाला. खरी गुंतागुंत इथून पुढची आहे.

1986 च्या मूळ व्याख्येत ‘पुनर्विक्रीसाठी किंवा कोणत्याही वाणिज्यिक प्रयोजनासाठी’ वस्तू घेणारा ग्राहक नाही, एवढेच म्हटले होते. वाणिज्यिक प्रयोजन म्हणजे काय, हे कुठेच लिहिले नव्हते. फ्रिज घेणाऱ्याला त्याने फरक पडत नव्हता. ट्रॅक्टर घेणाऱ्याला पडत होता, कारण ट्रॅक्टर कोणी हौसेने घेत नाही. तो कमाईसाठीच घेतला जातो. मग कमाई आली म्हणजे व्यापार आला का? कंपन्यांच्या वकिलांनी तसे म्हणायला सुरुवात केली. हा युक्तिवाद मान्य झाला, तर गिअरबॉक्समध्ये दोष होता की नाही या मुद्द्यापर्यंत प्रकरण पोचतच नाही. दावा दारातच थांबतो.

18 जून 1993 पासून एक स्पष्टीकरण जोडले गेले. स्वतः वापरण्यासाठी, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू वाणिज्यिक प्रयोजनाची नाही, असा त्याचा आशय. शेतकऱ्याला हा दिलासा होता, पण यातल्या प्रत्येक शब्दावर पुढे भांडण झाले. ‘केवळ’ म्हणजे किती? पाच एकराच्या धन्याचा ट्रॅक्टर स्वतःच्या रानात वर्षातून मोजके दिवस चालतो. उरलेले दिवस तो शेजाऱ्याची नांगरट करतो, रोटर मारतो, गळीत हंगामात ऊस ओढतो. तसे केले नाही तर बँकेचा हप्ता निघत नाही. भाड्याची ही कामे उपजीविकेत धरायची की धंद्यात? ‘स्वतः’ म्हणजे कोण? स्टिअरिंगवर मुलगा असेल तर? महिन्यावर ठेवलेला ड्रायव्हर असेल तर?

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा उलगडा केला. प्रकरण ट्रॅक्टरचे नव्हते, कारखान्यातल्या यंत्रांचे होते आणि त्यातल्या उद्योजकाचा दावा फेटाळला गेला. तरीही ट्रॅक्टरवाल्यांसाठी तो निकाल फार मोलाचा ठरला. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा ग्राहक आहे. एक-दोन मदतनीस ठेवले म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही. यंत्र पूर्णपणे दुसऱ्यानेच चालवायचे, तर मात्र तो ग्राहक नाही. आणि हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात पुरावा पाहूनच सोडवायचा. म्हणजे मोठ्या दुरुस्तीच्या दाव्यात शेतकऱ्याने सातबारा, कर्जाची कागदपत्रे आणि आपले इतर उत्पन्न किती, हे सुरुवातीलाच मांडावे लागते. तक्रार गिअरबॉक्सची आणि सिद्ध काय करायचे, तर आपले पोट कशावर चालते. मला हा अन्याय वाटतो, कारण भाड्याने नांगरट करणारा लहान शेतकरी आणि दहा ट्रॅक्टर ठेवून ठेकेदारी करणारा माणूस यांना एकाच दारात उभे करून तपासले जाते.

याच काळात दुसरी एक वाट खुली होती आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. वाणिज्यिक प्रयोजनाचा अडसर कायद्यात वस्तूंच्या व्याख्येत होता, सेवेच्या व्याख्येत नव्हता. वॉरंटीच्या मुदतीतली दुरुस्ती ही सेवा आहे आणि तिची किंमत ट्रॅक्टरच्या किमतीतच भरलेली आहे, असे म्हटले की धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राचा मालकही निदान दुरुस्तीपुरता ग्राहक ठरत असे. राष्ट्रीय पातळीवरच्या ग्राहक न्यायपीठाने अनेक प्रकरणांत हे मान्य केले. मग 2002 ची दुरुस्ती झाली. ती 15 मार्च 2003 पासून लागू झाली आणि वाणिज्यिक प्रयोजनाचा अडसर सेवेलाही लागला. स्वयंरोजगाराचे स्पष्टीकरण सेवेपर्यंत वाढवले गेले, एवढाच आधार उरला. 2019 च्या नव्या कायद्यातल्या स्पष्टीकरणात पुन्हा फक्त वस्तूंचाच उल्लेख आहे, सेवेचा नाही. म्हणून आज तक्रार लिहिताना ‘दुरुस्ती नीट केली नाही’ एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. ‘वस्तू सदोष आहे’ हे आधी आणि ठळकपणे लिहावे लागते.

शेतकऱ्याच्या बाजूने या वादाला बळ आले ते बियाण्यांच्या एका प्रकरणातून. पीक बाजारात विकतो म्हणून बियाणे घेणारा शेतकरी व्यापारी ठरत नाही, तो ग्राहकच आहे, असा निकाल 2012 मध्ये लागला. बियाण्याला जे लागू ते ट्रॅक्टरला का नाही, हा युक्तिवाद तेव्हापासून होतो आणि तो सरळ आहे. मोटार वाहनांच्या 1989 च्या केंद्रीय नियमांतही शेतीचा ट्रॅक्टर ‘परिवहनेतर’, म्हणजे व्यापारी वाहतुकीचे नसलेले वाहन म्हणूनच धरला आहे. त्यामुळे आरटीओकडची नोंदणीही शेतकऱ्याच्या बाजूने बोलते. 2024 मध्ये आणखी एक पाऊल पडले. सेवा वाणिज्यिक प्रयोजनासाठी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्या समोरच्या पक्षावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हे तीस वर्षांपूर्वीच स्पष्ट व्हायला हवे होते.

दुसरा जुना प्रश्न पुराव्याचा. चाचणीशिवाय दोष कळत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागवावा, ही तरतूद 1986 पासून आहे आणि 2019 मध्येही ती ठेवली गेली. पण ती नमुना सीलबंद करून पाठवता येईल अशा मालासाठी सोयीची आहे. क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणारी दातेरी चक्रे, तुटलेला ट्रॅक्टर पाठवायचा कुठे? प्रत्यक्षात असे होते: मेकॅनिक घरी येतो, आवाज ऐकतो, ट्रॅक्टर वर्कशॉपला नेतो आणि गिअरबॉक्स उघडतो. डीलर दुरुस्तीच्या खर्चासाठी कंपनीकडे क्लेम टाकतो, कंपनीचा इंजिनिअर पाहून जातो, खराब भाग कंपनीकडे जातो. बदललेला जुना भाग कंपनीच्या मालकीचा, असे वॉरंटीच्या अटींत बहुतेक ठिकाणी छापलेले असते. दोष मुळातला होता हे दाखवणारी वस्तूच अशी शेतकऱ्याच्या हातून जाते. नंतर ग्राहक आयोगापुढे त्याला तज्ज्ञाचा अहवाल कुठे, असे विचारतात आणि तो नाही म्हणून दावे पडतात. गिअरबॉक्स उघडण्याआधी लेखी तक्रार, मीटरवरचे तास लिहिलेले जॉबकार्ड (वर्कशॉपमधला कामाचा नोंदकागद), उघडताना काढलेले फोटो आणि शक्य तर अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा आयटीआयमधल्या जाणकाराची पाहणी, एवढे जमले तर पुढची लढाई खूप सोपी होते. डीलरची अडचणही खरी आहे. क्लेम मंजूर झाला तरच त्याचे पैसे निघतात, म्हणून ‘आधी मंजुरी येऊ द्या’ असे म्हणत तो काम थांबवतो. पण वाट पाहायची ती शेतकऱ्याने, आणि तीही मृगाचा पाऊस झाल्यावर.

वॉरंटीची मुदत स्पर्धेत वाढत गेली. एक वर्ष किंवा हजार तासांवरून दोन वर्षे किंवा दोन हजार तास, आणि आता पाच-सहा वर्षांच्या जाहिराती. दोन्हींपैकी जे आधी संपेल ते, ही अट कायम राहिली. ऊस ओढणारा ट्रॅक्टर दोन वर्षांचे तास त्याआधीच संपवतो. जुन्या केबलवाल्या मीटरवर तास इंजिनाच्या फेऱ्यांनुसार पडत, नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर इंजिन नुसते चालू असले तरी घड्याळाप्रमाणे पडतात. लांब मुदतीच्या योजनांत शेवटची वर्षे बहुधा इंजिन आणि ट्रान्समिशनच्या ठरावीक भागांपुरती असतात. टायर, बॅटरी, स्टार्टर आणि डिझेल पंप यांची हमी पहिल्यापासून त्या-त्या भागाच्या कंपनीकडे राहिली आहे. पंप बिघडून पिस्टन जळाला, तर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला तेव्हा उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष मालामुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या, नव्या प्रकरणाचा गाजावाजा झाला. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत त्याचा फारसा उपयोग नाही. त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान, हमीच्या अटी मोडल्याने झालेले नुकसान आणि आर्थिक तोटा वगळला आहे. बुडालेली पेरणी किंवा गेलेले भाडे मागायचे तर जुन्याच मार्गाने, निष्काळजीपणा दाखवून मागावे लागते. खरा फायदा वेगळाच झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येऊ लागली. डिसेंबर 2021 च्या नियमांनुसार 50 लाखांपर्यंतच्या खरेदीचे प्रकरण जिल्हा आयोगातच चालते, म्हणजे जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर त्यात बसतो. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. दुरुस्तीच्या फेऱ्या आणि तोंडी आश्वासनांत ती कशी संपते, हे अनेकांना संपल्यावरच कळते.

अलीकडचा बदल यंत्राच्या पोटातला आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कडक मानक लागू झाले आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची, एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाने इंजेक्टरना डिझेल पुरवणारी कॉमन रेल इंजिने आली. बिघाड आता स्कॅनर लावून वाचला जातो आणि स्कॅनर डीलरकडेच असतो. बॅरलमध्ये साठवलेले डिझेल जुन्या पंपाला चालून जाई, या इंजेक्टरना चालत नाही, आणि ‘इंधनात पाणी, कचरा’ असा शेरा मारून क्लेम नाकारला जातो. डिझेलचा नमुना सगळ्यांसमोर काढून सीलबंद करायचा आग्रह शेतकऱ्याने तिथेच धरला नाही, तर तो शेरा खोडायला नंतर काही हाती राहत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. त्यात दुरुस्तीची साधने आणि माहिती मालकाला व बाहेरच्या मेकॅनिकला द्यायचे बंधन उत्पादकावर आहे. भारतात केंद्र सरकारने 2022 मध्ये याच विषयावर समिती नेमली, तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारे आहेत, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला माहितीचे पोर्टल सुरू झाले. कंपन्यांनी तिथे माहिती ठेवावी, एवढ्यावरच ते थांबले आहे. सक्ती करणारा कायदा झालेला नाही, आणि स्कॅनरमधून निघणारा बिघाडाचा अहवाल जॉबकार्डासोबत मालकाला मिळालाच पाहिजे असे वॉरंटीच्या अटींत लिहून घेण्याची मागणी अजून कोणी जोराने केलेली नाही.