सममूल्य रेषा

एखाद्या घटकाचे मूल्य जिथे जिथे सारखे असते ती ठिकाणे जोडणारी नकाशावरची किंवा आकृतीतली रेषा. घटक बदलला की नाव बदलते : उंचीची समोच्च रेषा, तापमानाची समताप, वायुदाबाची समभार, पावसाची समपर्जन्य. सलग बदलत जाणारा घटक दाखवायला ही पद्धत योग्य. तालुक्याची हद्द ओलांडली म्हणून पाऊस एकदम बदलत नाही. प्रत्येक तालुका एकाच छटेने रंगवणारा क्षेत्रघनी नकाशा पाहताना मात्र तसे वाटते.

एडमंड हॅली यांनी १७०१ मध्ये अटलांटिक महासागराचा नकाशा छापला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सारखीच ढळते अशा जागा त्यात रेषांनी जोडल्या होत्या. समताप रेषा अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८१७ मध्ये आणल्या.

ही रेषा बहुतेक ठिकाणी मोजलेली नसते, अंदाजाने ओढलेली असते. एका पर्जन्यमापकावर ६०० मिमी आणि दुसऱ्यावर ९०० मिमी नोंद असेल, तर ७०० ची रेषा पहिल्यापासून एक तृतीयांश अंतरावरून नेतात. मधल्या पट्ट्यात पाऊस एकसारखा वाढत गेला, हे गृहीत धरलेले असते. म्हणून केंद्रे विरळ असतील तर देखण्या, गुळगुळीत रेषांवर जरा बेतानेच विसंबावे.

रेषा दाट तिथे बदल झपाट्याचा. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तिथून तीसेक किलोमीटर रस्ता उतरून वाईला आले की तो हजाराच्याही खाली. समपर्जन्य रेषांची तिथे दाटी होते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी समोच्च रेषा एकमेकींना चिकटतात. वेगळ्या मूल्यांच्या रेषा एकमेकींना छेदत नाहीत हा नियम खरा, पण कडा पुढे झुकलेला असेल तर उंचीच्या बाबतीत तोही मोडतो.

समभार रेषा ओढण्याआधी प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीच्या हिशेबात बदलून घेतात. नाहीतर डोंगर तेवढे कमी दाबाचे दिसतील आणि हवामानाचा नकाशा उंचीचाच होऊन बसेल.

समोच्च रेषा जमिनीवरही आखतात. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खणण्याआधी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि मधोमध सोडलेला ओळंबा घेऊन उतारावर एका पातळीतल्या जागा शोधतात आणि फक्कीने रेघ मारतात. रेघ चुकली तर चरातले पाणी सखल टोकाकडे धावते आणि तिथेच चर फुटतो.