हौशी मासेमारी बोटीची हंगामी देखभाल

हौशी मासेमारीच्या छोट्या बोटीची तपासणी, सफाई, तेलपाणी आणि किरकोळ दुरुस्ती मालक स्वतः करतो, तेव्हा त्या कामाला हंगामी देखभाल म्हणतात. हे काम वर्षातून दोनदा निघते: एकदा बोट उभी करताना आणि एकदा पुन्हा पाण्यात उतरवताना. अशा बोटीचा तळ बहुधा फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, मागच्या आडव्या भिंतीवर म्हणजे ट्रान्समवर आउटबोर्ड इंजिन बसवलेले असते आणि किनाऱ्यापर्यंत तिची ने-आण ट्रेलरवरून होते.

कुठे पाणी गोठते म्हणून, तर कुठे समुद्र खवळतो म्हणून बोट वर्षातले काही महिने जमिनीवर काढते. तिचे बरेचसे नुकसान याच काळात होते. चालत्या इंजिनात पाणी आणि तेल फिरत राहते, पेट्रोल ताजे भरले जाते. उभ्या बोटीत मात्र खारे पाणी, ओल, शिळे पेट्रोल, वापरलेले तेल जिथे अडकते तिथेच राहून धातू आणि रबर खात बसते. म्हणून हंगाम संपतानाचे काम सुरुवातीच्या कामापेक्षा महत्त्वाचे ठरते. बोट तशीच झाकून ठेवायची आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर धावपळ करायची, ही पद्धत सोयीची वाटते. पण तोवर जे गंजायचे ते गंजून गेलेले असते.

अडकलेले पाणी

पहिले काम इंजिन गोड्या पाण्याने धुण्याचे. आउटबोर्ड इंजिन बाहेरचेच पाणी ओढून थंड राहते, त्यामुळे समुद्रावरून आल्यावर त्याच्या आतल्या वाटांमध्ये मीठ साचते. पाणी ओढण्याच्या जाळ्यांवर रबरी वाट्या बसवून त्यांना नळाची नळी जोडतात आणि इंजिन मंद गतीवर काही मिनिटे चालू ठेवतात. बोट पुढे ढकलणारा पंखा (प्रोपेलर) आधी काढून ठेवावा किंवा निदान त्याच्या आसपास कोणी उभे राहू नये. काही इंजिनांना धुण्यासाठी वेगळे तोंड असते आणि त्यातून पाणी सोडताना इंजिन बंद ठेवायचे असते. याबाबत त्या इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेले प्रमाण मानावे. पाण्याविना इंजिन चालवून पाहण्याचा मोह कधीही करू नये. पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, पाण्यावरच वंगण घेतो. कोरडा फिरला की थोड्याच वेळात जळतो.

इंजिन चालू असताना बाजूच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार येते. ती जोरात असली तर पंप बरा आहे. धार बारीक किंवा तुटक असली तर आधी छिद्रात मीठ वा वाळू अडकली आहे का ते तारेने पाहावे आणि मग इंपेलरकडे वळावे. फार दिवस न फिरलेल्या इंपेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच कडक होतात, म्हणून पुष्कळ जण दोन-तीन वर्षांनी तो बदलूनच टाकतात. जुन्या इंपेलरचे एखादे पाते तुटलेले दिसले तर तुकडा शोधून काढल्याशिवाय नवा बसवू नये. तो तुकडा पुढे पाण्याच्या वाटेत अडकतो आणि नव्या पंपासकट इंजिन तापते.

धुऊन झाल्यावर आउटबोर्ड उभ्या स्थितीत ठेवावे, म्हणजे उरलेले पाणी आपोआप निथळते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्या दाबापुढे ओतीव धातूही टिकत नाही. बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनात हा धोका अधिक, कारण त्याच्या ब्लॉकमधले पाणी आपसूक उतरत नाही. बुचे उघडून ते काढावे लागते आणि गोठणरोधक द्रव भरावा लागतो. असा द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचा घ्यावा. इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि हंगामाच्या सुरुवातीला हा द्रव शेवटी पाण्यातच जातो.

मासे जिवंत ठेवण्याची टाकी, तिचे पंप व नळ्या, तळातला खोलगट भाग म्हणजे बिल्ज आणि सामानाचे कप्पे यांतही पाणी दडून बसते. तळाचे बूच काढून बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, थोडी उंच ठेवली की बहुतेक पाणी वाहून जाते. काढलेले बूच सुकाणूच्या चाकाला बांधून ठेवावे. बूच न लावताच बोट पाण्यात उतरवणे ही फार जुनी आणि अजूनही घडणारी चूक आहे. टाकी रिकामी करून वाळवण्याचे आणखी एक कारण आहे. झेब्रा शिंपल्यासारखे परके जीव अशा साचलेल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पोहोचतात आणि तिथली जीवसृष्टी बिघडवतात.

गिअरचे तेल आणि तंगूस

मासेमारी बोटीचे खरे दुखणे पंख्यामागे असते. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, पाण्यात तरंगत राहतो, पंख्याजवळ ओढला जातो आणि पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळत आत सरकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. फिरता फिरता तो घासून तापतो आणि दांड्यावरचे ऑइल सील, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारे कडे, कापतो. मग गिअरच्या डब्यात पाणी शिरू लागते. बारीक, बळकट तंगूस तर अधिकच घातक. म्हणून हंगामाअखेर पंखा काढून पाहणे हे मासेमारी बोटीपुरते सक्तीचेच काम समजावे. नट जागी धरणारी वाकवलेली कॉटर पिन सरळ करून काढायची, नट सोडायचा, पंखा ओढून घ्यायचा आणि दांड्यावरचे वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवायचे. तंगूस सापडला तर बोथट हत्याराने सोडवावा. चाकू लावला तर उरलेसुरले सीलही जाते. बसवताना दांड्यावर समुद्री ग्रीस लावावे आणि कॉटर पिन नवी वापरावी.

सील फुटले आहे का, ते गिअरचे तेल सांगते. हे तेल वर्षातून एकदा किंवा सुमारे १०० तास चालल्यावर बदलतात. डब्याला खाली एक आणि वर एक असे दोन स्क्रू असतात. खालचा काढून मग वरचा काढला की तेल वाहू लागते. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे, डब्यात मोकळे पाणी असेल तर आधी तेच बाहेर पडते. तेल दुधाळ दिसले तर पाणी त्यात घुसळले गेले आहे. दोन्हींचा अर्थ एकच: सील बदलायला हवे, आणि तेही बोट उभी करण्याआधी. पाणी तसेच राहिले तर गिअर आणि बेअरिंग गंजतात, थंडीत डबाच फुटतो. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर काळपट बारीक पूड असणे नेहमीचे आहे; बोटाला टोचणारे कण मात्र गिअरचे दात झिजल्याचे लक्षण आहे.

नवे तेल नेहमी खालच्या छिद्रातून भरावे, म्हणजे आतली हवा वरून निघून जाते. वरून बुडबुड्यांशिवाय तेल येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग पंपाची नळी काढून झटकन खालचा. दोन्ही वॉशर नवे हवेत.

फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल आणि फिल्टरही बोट उभी करण्यापूर्वीच बदलावेत. वापरलेल्या तेलात आम्ले आणि ओल असते. ती महिनोन् महिने बेअरिंगवर बसून राहू देण्यात काहीच शहाणपण नाही.

पेट्रोल

इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेते. त्याहून जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. इंजिनाला पेट्रोल तळातूनच मिळते. असा थर पडलेले पेट्रोल कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही, ते काढूनच टाकावे लागते. म्हणून स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारे औषध, ताज्या पेट्रोलमध्येच घालायचे आणि नंतर इंजिन दहाएक मिनिटे चालवायचे, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. पाणी वेगळे करणारा फिल्टर दर हंगामाला नवा घालावा. हाताने दाबायच्या रबरी फुग्याला आणि नळीला चिरा असतील, तर त्यांची डागडुजी करू नये, त्या बदलाव्यात. कारण गळणाऱ्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते.

ॲनोड आणि शेवाळरोधक रंग

वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले असून एकाच पाण्यात बुडाले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो. म्हणून इंजिनावर मुद्दाम अशा धातूचे तुकडे, म्हणजे ॲनोड, बसवतात. ते झिजतात आणि इंजिन वाचते. हा उपाय १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांसाठी सुचवला होता. जहाजांच्या तळावरचे तांब्याचे पत्रे गंजत, म्हणून त्याने त्यांना लोखंड आणि जस्त जोडून पाहिले. तांबे गंजायचे थांबले, पण आता त्यावर शेवाळ आणि बार्नेकल (तळाला चिकटून बसणारे कवचधारी जीव) माजले, कारण विरघळणारे तांबेच त्यांना दूर ठेवत होते. ॲनोड आणि तांब्याचा शेवाळरोधक रंग हे दोन्ही कसे काम करतात, हे या एका प्रयोगातून नीट कळते.

खाऱ्या पाण्यासाठी जस्त किंवा ॲल्युमिनियम, मचूळ पाण्यासाठी ॲल्युमिनियम आणि गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम अशी निवड असते. गोड्या पाण्यात जस्तावर कवच धरते आणि ते निकामी होते. समुद्रात मॅग्नेशियम फार लवकर संपते. अर्धा झिजलेला ॲनोड बदलावा आणि बसवण्याची जागा चकचकीत धातूपर्यंत घासून घ्यावी. ॲनोडवर रंग लावला की त्याचा उपयोगच संपतो.

ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला शेवाळरोधक रंगाची गरज नसते. सतत पाण्यात असणाऱ्या बोटीला तो लागतो, पण ॲल्युमिनियमच्या तळाला तांब्याचा रंग चालत नाही, कारण तिथे तळच ॲनोड होऊन झिजू लागतो. जुना रंग ओला करूनच घासावा आणि तोंडाला योग्य मास्क लावावा. त्याची धूळ विषारी असते.

तळाची भोके

फायबरग्लासच्या वरच्या थराला पॉलिश आणि मेण लावणे सोपे आणि समाधानाचे काम आहे, पण मासेमारी बोटीत त्याहून लक्ष द्यायला हवे ते भोकांकडे. रॉडचे धारक, मासे शोधणाऱ्या यंत्राचा सेन्सर, दिवे असे काही ना काही दरवर्षी नवे बसते आणि प्रत्येक स्क्रूमागे एक भोक राहते. जुन्या बोटींच्या ट्रान्सममध्ये अनेकदा लाकडी गाभा असतो. सील सुटलेल्या भोकातून पाणी त्यात झिरपते आणि गाभा आतल्या आत कुजतो. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत गेल्यास चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. सैल स्क्रू काढून भोक सुकू द्यावे आणि पाण्याखाली टिकणारे सीलंट भरून स्क्रू पुन्हा बसवावा.

बॅटरी आणि तारा

बॅटरी सोडवताना ऋण तार आधी काढतात, म्हणजे पाना चुकून धातूला लागला तरी ठिणगी उडत नाही. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टला ती जवळजवळ रिकामी असते. रिकामी ठेवलेली बॅटरी सल्फेट धरून मरते आणि कडक थंडीत गोठते. लिथियम बॅटरी मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नये. तारांच्या टोकांवर हिरवा गंज दिसला तर तेवढा भाग कापून कथिल चढवलेल्या तांब्याच्या तारेने जोड नवा करावा. बिल्ज पंपाचा तरंगता स्विच हाताने उचलून पंप चालतो का ते पाहावे.

ट्रेलर

ट्रेलरच्या चाकांची बेअरिंग रस्त्यावर तापतात. तशीच ती थंड पाण्यात बुडाली की हबमधली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. म्हणून उतारावर पोहोचल्यावर थोडा वेळ थांबावे आणि वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, पुसून, नवे ग्रीस भरावे. विंचचा पट्टा, टायर आणि दिवे पाहून घ्यावेत.

पाण्यात उतरवण्यापूर्वी

शेवटचे काही उरते ते थोडेच: बूच, अग्निशामकाचा दाब, इशाऱ्याच्या फ्लेअरची मुदत, लाइफ जॅकेटची शिवण आणि हवेने फुगणारे असल्यास त्याचे सिलिंडर. चालकाच्या अंगाला अडकवायची इंजिन-बंद दोरी ओढून इंजिन खरोखर थांबते का, ते जमिनीवरच, नळाचे पाणी जोडून पाहावे. पेट्रोलच्या टाकीची गळती, ट्रान्समचा कुजलेला गाभा, टायमिंग बेल्ट आणि दाबाने तपासायची सीले ही कामे घरी करण्याजोगी नाहीत. ती जाणत्या मेकॅनिककडे द्यावीत. काढलेले तेल, जुने पेट्रोल आणि बॅटरी गोळा करून अधिकृत संकलन केंद्रात पोहोचवावी लागतात.