१८० किलोमीटरचं एकच गवत

‘समुद्रात सापडली जगातली सर्वांत मोठी वनस्पती, वय ४,५०० वर्षं!’ हा मेसेज पलूसच्या आमच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. खाली एकानं ‘हीच ती संजीवनी’ म्हणून हात जोडलेत, दुसऱ्यानं तिचं चूर्ण कुठं मिळेल ते विचारलंय. चूर्णाचं सोडा, पण बातमी खरी आहे. त्यातलं गणित मात्र कुणी करून पाहिलेलं दिसत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उथळ उपसागर आहे. तिथल्या पोसिडोनिया ऑस्ट्रालिस या समुद्री गवताचा डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये जाहीर केलं, की १८० किलोमीटरपर्यंत पसरलेली कुरणं म्हणजे एकाच रोपाचा विस्तार आहे. हे शेवाळ नाही बरं का. समुद्री गवताला मुळं असतात, फुलं येतात, परागीभवनसुद्धा पाण्याखाली होतं. वाळूत आडवं खोड सरपटत जातं आणि पेरापेरातून वर पानं, खाली मुळं फुटतात.

आता गणित. हे खोड वर्षाला फार तर ३५ सेंटीमीटर पुढं सरकतं. ४,५०० वर्षांत झाले १,५७५ मीटर, म्हणजे जेमतेम दीड किलोमीटर! मध्यापासून दोन्ही बाजूंना सरपटत १८० किलोमीटर व्यापायचे, तर अडीच लाखांहून जास्त वर्षं हवीत. शार्क बेमध्ये समुद्र शिरला तोच मुळी हिमयुग सरल्यावर, सुमारे ८,५०० वर्षांपूर्वी. तेव्हा नुसत्या सरपटण्यानं हिशेब जुळत नाही. गवत तुटलं असणार, वाहिलं असणार आणि लांब कुठंतरी जाऊन पुन्हा रुजलं असणार.

तुटलेला तुकडा लगेच बुडत कसा नाही? समुद्री गवताच्या पानांत आणि खोडात हवेच्या लांबट पोकळ्या असतात. तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो, म्हणून पानांत तयार झालेला ऑक्सिजन या पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचवला जातो. वादळानं किंवा नांगराच्या साखळीनं तुकडा तोडला, की हीच हवा त्याला तरंगत ठेवते. तरंगतानाही पानं उन्हात प्रकाशसंश्लेषण करत राहतात. शिवाय खोडात साठवलेल्या स्टार्चची शिदोरी असते. ती काही दिवस पुरते, कधी काही आठवडे. जात कोणती, हंगाम कोणता, पाणी किती गरम यावर ते ठरतं. मग पानं झडतात, पोकळ्यांत पाणी शिरतं आणि तुकडा तळाला जातो.

खरी परीक्षा इथं सुरू होते. तुकडा लवकर बुडाला तर लांब जाणं झालंच नाही. फार उशिरा बुडाला तर मुळं फोडण्याइतका स्टार्च उरत नाही. वेळेवर बुडाला, तरी मुळांनी वाळू धरण्याआधी लाटेनं उचललं की पुन्हा भटकंती. कोणता तुकडा तगेल हेही जातीवर आहे. पोसिडोनियात आडव्या खोडाचा वाढता शेंडा शाबूत असलेला तुकडा जास्त भरवशाचा. हॅलोफिला या चिमुकल्या गवतात दर पेराला पानांची जोडी आणि एक मूळ असतं, त्यामुळे बारीक तुकड्यावरही भागतं.

आपल्याकडं हे समजायला हळद पुरे. हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून फूल येऊनही बी धरत नाही. अक्षय तृतीयेच्या सुमारास आपण गड्डे लावतो ते त्यामुळंच. एका वाणाची शेतंच्या शेतं म्हणजे खरं तर एकच रोप, तुकड्यातुकड्यानं पसरलेलं. शार्क बेच्या गवतातही गुणसूत्रं नेहमीच्या दुप्पट आहेत. दोन वनस्पतींच्या संकरात दोघींचे संच पूर्ण राहिले असावेत.

या तुकड्यांनी कायद्यालाही चकवलंय. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हॅलोफिला जॉन्सोनी नावाचं गवत आहे. त्याचं नर फूल आजवर कुणालाही सापडलेलं नाही. सगळा संसार तुकड्यांवर. दुर्मीळ प्रजाती म्हणून अमेरिकेनं त्याला १९९८ मध्ये संरक्षण दिलं. पुढं जनुकीय तपासणीत निघालं, की ही वेगळी प्रजातीच नाही. हिंदी आणि प्रशांत महासागरांत वाढणाऱ्या हॅलोफिला ओव्हॅलिसचाच तो एक क्लोन, म्हणजे एकाच रोपाचा तुकड्यातुकड्यानं झालेला विस्तार आहे. २०२२ मध्ये त्याचं नाव यादीतून काढलं. हे हॅलोफिला ओव्हॅलिस आपल्या तमिळनाडूजवळच्या पाल्कच्या उपसागरातही वाढतं.

उजाड तळ पुन्हा हिरवा करायला हेच तुकडे कामी येतात. ऑस्ट्रेलियातच, न्यू साउथ वेल्समध्ये, ‘ऑपरेशन पोसिडोनिया’ नावाचा उपक्रम आहे. वादळानंतर किनाऱ्यावर लागलेले जिवंत तुकडे स्थानिक लोक वेचून आणून देतात आणि पाणबुडे ते उजाड तळावर लावतात. चांगलं कुरण उपटून बेणं काढावं लागत नाही, ही त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट. तिथं पोसिडोनियाच्या कुरणांत गोल टकलं पडली ती बांधून ठेवलेल्या बोटींच्या साखळ्या तळावर गरगर घासल्यानं. त्यामुळे तुकडे लावायच्या आधी तळाला न घासणारी बांधणी बसवावी लागते, नाहीतर लावलेलं सगळं तीच साखळी पुन्हा खरवडून काढते.